सात माणसं, सात सॅक आणि घाट: तीन रांगांची गाडी कशी निवडावी

गाडीच्या ब्रोशरमधले बहुतेक आकडे रिकाम्या गाडीचे असतात. ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर) रिकाम्या गाडीचा, मायलेज प्रयोगशाळेतल्या रोलरवरचं, आणि टेस्ट ड्राइव्हला गाडीत तुम्ही, सेल्समन आणि फार तर घरचं एक माणूस. तुमची गाडी मात्र शनिवारी पहाटे चारला निघणार. आत दोन पोरं, आजी-आजोबा, एक भाचा, मागे तंबू आणि सॅक, आणि पुढे पावसातला ताम्हिणी किंवा माळशेज. तीन रांगांच्या गाड्या रिकाम्या असताना सगळ्या सारख्याच बऱ्या वाटतात. त्यांच्यातला खरा फरक गाडी भरल्यावर दिसतो, म्हणून निवडीची सुरुवात भरलेल्या गाडीपासून करायची.

आधी वजन मांडा

सात मोठी माणसं सरासरी ६५ किलोची धरली तर ४५५ किलो झाले. प्रत्येकाची सॅक १० किलोची, म्हणजे आणखी ७०. वीस लिटरचा पाण्याचा कॅन, स्टोव्ह, भांडी, तंबू धरले की साडेपाचशे किलो सहज होतात. आता गाडीचं कमाल एकूण वजन आणि रिकामं वजन यांची वजाबाकी करा. रिकामं वजन आरसीवर मिळतं आणि कमाल वजन गाडीवरच्या कंपनीच्या पट्टीवर किंवा तांत्रिक माहितीच्या तक्त्यात. वजाबाकी साडेपाचशेच्या खाली आली तर ती गाडी सात मोठ्या माणसांची सामानासकट नाही, तिच्या नावामागे 'सेव्हन सीटर' असं कितीही मोठं लिहिलेलं असो. चार मोठी आणि तीन लहान असतील तर हिशेब बदलतो. तो तुमच्या घरच्या खऱ्या वजनांनी करा.

हा हिशेब कागदापुरता राहत नाही. जास्त भरलेल्या गाडीची मागची स्प्रिंग बसते आणि गतिरोधकावर सायलेन्सर घासतो. हेडलाइट आभाळाकडे बघू लागतात आणि घाट उतरताना ब्रेक लवकर तापतात. टायर फुटण्याचं एक मोठं कारणही हेच, जादा वजन आणि कमी हवा. 'उरलेलं टपावर टाकू' हा उपाय मर्यादेतच चालतो. टपाची भारक्षमता मॅन्युअलमध्ये दिलेली असते आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. टपावरच्या ओझ्याने गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती जास्त झुकते. टपावर हलकं आणि फुगीर सामान टाका, म्हणजे स्लीपिंग बॅग, मॅट, तंबू. पाण्याचे कॅन तिथे कधीच नकोत.

सात जण वर्षातून किती वेळा?

हा प्रश्न प्रामाणिकपणे सोडवला तर अर्धी यादी गळते. पुष्कळ घरांत सातही जागा वर्षातून तीन-चार वेळाच भरतात, एरवी चार-पाच माणसं आणि भरपूर सामान असतं. तुमचं तसं असेल तर तिसरी रांग किती ऐसपैस यापेक्षा ती दुमडते कशी, हे जास्त महत्त्वाचं.

एर्टिगा, कॅरेन्स आणि सफारीत मागची सीट पाठ पाडून जवळपास सपाट होते. तिथे सायकल आडवी जाते आणि वेळप्रसंगी माणूस झोपतोही. इनोव्हा क्रिस्टा आणि फॉर्च्युनरची मागची सीट दोन भागांत वर उचलून बाजूंना अडकवावी लागते. जमीन मोकळी होते, पण दोन्ही बाजूंची रुंदी जाते. स्कॉर्पिओ-एन बाजारात आली तेव्हा तिची तिसरी रांग एकसंध होती, म्हणजे सहा माणसं आणि अर्धी डिकी असा मधला मार्गच नव्हता. रेनो ट्रायबरची मागची सीट चक्क काढून घरी ठेवता येते. चार मीटरच्या आतल्या गाडीत ही सोय फार कामाची आहे. सीट काढल्यावर तिची डिकी ६२५ लिटर होते. सातही जागा उभ्या असताना ती ८४ लिटरच असते.

हे लिटर डोळ्यांसमोर आणायला एक सोपा हिशेब करा. पन्नास-साठ लिटरची भरलेली ट्रेकिंग सॅक साधारण ७० सेंटिमीटर उंच, ३५ रुंद आणि ३० जाड, म्हणजे तिने व्यापलेली जागा ७३ लिटरच्या आसपास. आता आकडे बघा. सफारीची सर्व सीट उभ्या असतानाची डिकी ७३ लिटर, म्हणजे बरोबर एक सॅक. एर्टिगाची २०९ आणि कॅरेन्सची २१६, म्हणजे दोन-तीन सॅक. क्रिस्टाची ३००, म्हणजे नीट रचल्या तर चार. सातही जण सामानासकट नेहमी जात असतील तर रुबाबदार एसयूव्हीपेक्षा साधी एमपीव्ही (एर्टिगा-इनोव्हासारखी कुटुंबाची गाडी) बरी पडते, ती या हिशेबामुळेच.

लिटरवर पूर्ण विसंबू नका. शोरूमला जाताना घरची सर्वांत मोठी सॅक आणि एक कडक सुटकेस घेऊन जा, मागची सीट उभी ठेवून डिकीचं दार लावून बघा. दार लागताना काच सॅकवर दाबली जात असेल तर ती डिकी भरली असं समजा. एर्टिगाच्या सीएनजी प्रकारात टाकी डिकीतच असते. शहरात हिशेब उत्तम बसतो, पण सात जणांच्या मुक्कामी सहलीला डिकी उरतच नाही.

मागच्या रांगेत वीस मिनिटं

गाडी घेणारा माणूस बहुधा पुढेच बसतो, त्यामुळे मागची रांग तपासायची राहून जाते. घरातल्या सर्वांत उंच माणसाने मधली सीट स्वतःला सोयीची मागे सरकवावी, मग दुसऱ्याने त्याच्या मागे तिसऱ्या रांगेत बसावं. गुडघे छातीकडे येतात का आणि मांड्या सीटवर टेकतात की हवेत राहतात, ते बघा. लॅडर फ्रेमच्या, म्हणजे वेगळ्या लोखंडी चौकटीवर बसवलेल्या गाड्यांत जमीन उंच असते, म्हणून पाय वर येतात आणि तासाभरात कंबर बोलू लागते. इथे दोन मिनिटं बसून काही कळत नाही. वीस मिनिटं बसा.

त्याच जागेवरून आणखी काही गोष्टी बघायच्या. मागे एसीची तोंडं आहेत का आणि पंख्याचा वेग मागूनच बदलता येतो का? तिसरी रांग मागच्या चाकांवर किंवा त्यांच्या मागे येते, उसळी तिथे जास्त बसते आणि खिडकी लहान असते. ज्यांना गाडी लागते त्यांना घाटात सर्वांत आधी तिथेच लागते. थंड वारा तोंडावर आला तर बराच फरक पडतो. हेडरेस्ट वर ओढून बघा आणि ते व मागची काच यांच्यात किती अंतर उरतं ते मोजा. ग्लोबल एनकॅप किंवा भारत एनकॅपच्या तारे देणाऱ्या अपघात-चाचण्यांत मोठ्यांचे पुतळे पुढे आणि मुलांचे मधल्या रांगेत असतात, तिसऱ्या रांगेत कुणी नसतं. तारे बघाच. सफारी आणि स्कॉर्पिओ-एनला मोठ्यांच्या सुरक्षेत पाच तारे आहेत, इनोव्हा हायक्रॉसला भारत एनकॅपचे पाच, तर २०२४ मध्ये तपासलेल्या एर्टिगाला ग्लोबल एनकॅपने एकच दिला. पण हे तारे मागच्या रांगेबद्दल काहीच सांगत नाहीत, हे लक्षात ठेवा.

बोलेरोसारख्या गाडीत मागे समोरासमोरची आडवी बाकडी असतात. गावच्या रस्त्यावर पाच-सात किलोमीटरला ती ठीक. हायवेवर पोरांना त्यावर बसवू नका. ब्रेक लागला की आडवा बसलेला माणूस थेट बाजूला फेकला जातो, आणि तो झटका मान व कण्यावर येतो.

लहान मूल असेल तर त्याची चाइल्ड सीट घेऊनच शोरूमला जा. ती आयसोफिक्सच्या (चाइल्ड सीट अडकवायच्या) कड्यांना मधल्या रांगेत लागली की ती बाजू उलटवून पुढे पाडता येत नाही आणि तिसऱ्या रांगेची वाट बंद होते. काही गाड्यांत मधली सीट एकाच बाजूची उलटते. नेमकी तीच बाजू चाइल्ड सीटने अडवली तर आजोबांना डिकीतून आत चढवण्याची वेळ येते. यावर उपाय म्हणजे मधे दोन वेगळ्या कॅप्टन सीट असलेली गाडी. त्यांच्यामधून मागे जाता येतं, पण एक जागा कमी होते. सहा पुरत असतील तर आमचं मत कॅप्टन सीटकडेच झुकतं.

कोणती चाकं ओढतात?

किल्ल्यांच्या पायथ्याच्या गावांना फोर बाय फोर (चारही चाकं ओढणारी गाडी) लागतोच, हा गैरसमज आहे. गुंजवणे, वेल्हे, बारी, पाचनई इथे साध्या गाड्या रोज जातात. अडचण येते ती शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला, म्हणजे चिखलाच्या पार्किंगमध्ये, शेवाळलेल्या सिमेंटच्या चढावर किंवा पावसात उखडलेल्या मुरमाच्या वाटेवर. तिथे कोणती चाकं ओढतात हे कळतं.

गाडी भरली आणि चढ लागला की वजन मागच्या चाकांवर सरकतं. एर्टिगा, कॅरेन्स, सफारी, हायक्रॉस या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्या आहेत. ओल्या तीव्र चढावर त्यांची पुढची चाकं हलकी होऊन जागेवर फिरू लागतात, आणि मागे जितकं सामान जास्त तितकी घसरण जास्त. क्रिस्टा, बोलेरो, स्कॉर्पिओ या मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या. भरलेल्या असताना त्यांची पकड वाढते. घाटांत आणि खेड्यांत जुन्या इनोव्हाचं नाव झालं त्यात इंजिनाइतकाच या मांडणीचा वाटा आहे. याची दुसरी बाजूही आहे. रिकामी असताना हीच गाडी ओल्या वळणावर मागून घसरते, म्हणून एकटे परत येताना वेग जपायचा.

पुढच्या चाकांची गाडी चढावर फिरू लागली तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नका, त्याने शेवाळाखालचा चिखल उकरला जातो आणि चाक रुतत जातं. मागच्या रांगेतली माणसं उतरवा, टायर वाटेच्या कोरड्या कडेकडे न्या, दुसऱ्या गिअरमध्ये हळूच उचला. एवढ्यावर दहापैकी आठ वेळा गाडी निघते. दर आठवड्याला जंगलाच्या किंवा धरणाच्या आतल्या वाटांवर जाणाऱ्यांसाठी मात्र लो-रेंज (हळू पण जास्त जोराने ओढणारे गिअर) असलेला खरा फोर बाय फोर हवा: स्कॉर्पिओ-एनचा डिझेल फोर बाय फोर, किंवा पाच दारांची फोर्स गुरखा. गुरखाला पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शिअलला लॉक आहे (एक चाक नुसतं फिरत राहिलं तरी दुसरं ओढतं), पण तिसऱ्या रांगेत डिकीच्या दारातून चढावं लागतं. आजीच्या गुडघ्यांना विचारून ठरवा.

घाटातलं इंजिन

एर्टिगाचं दीड लिटर पेट्रोल इंजिन १०३ पीएस ताकद देतं, पण त्याचा १३६.८ न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क (चाकं फिरवण्याचा जोर) ४,४०० आरपीएमला येतो. क्रिस्टाच्या डिझेलचा ३४३ न्यूटन-मीटर टॉर्क १,४०० पासून मिळतो. म्हणून सात जणांना घेऊन आंबेनळी घाट चढताना एर्टिगा दुसऱ्या गिअरमध्ये ओरडत जाते आणि क्रिस्टा तिसऱ्यात शांत. ओरडण्याने इंजिन खराब होत नाही. खराब होतं ते आवाज नको म्हणून तिसऱ्यात टाकून, इंजिन धापा टाकत असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्याने. ट्रायबरचा टॉर्क ९६ न्यूटन-मीटर आहे. चार-पाच जण आणि कोकणातला समुद्रकिनारा इतपत तिची उडी आहे, सात जण आणि वरंधा घाट ही नव्हे.

डिझेल घेताना स्वतःच्या रोजच्या धावेकडे बघा. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला त्याला वीसेक मिनिटं एकसारख्या वेगाने पळावं लागतं. आठवडाभर मुलांची शाळा आणि भाजी मंडई, तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, असं चाललं की तो तुंबतो आणि दिवा लागतो. दिवा लागला की गाडी बंद न करता हायवेवर स्थिर वेगाने, मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे पळवायची. दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद कमी करते आणि सर्व्हिस सेंटरचा खर्च येतो. रोज शहरात आणि महिन्यातून एकदा बाहेर, असा वापर असेल तर पेट्रोल किंवा हायक्रॉससारखी हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर) शहाणपणाची. हायक्रॉसचं प्रमाणित मायलेज २३.२४ किलोमीटर आहे. भरलेल्या गाडीला घाटात ते मिळणार नाही, पण शहरातल्या गर्दीत तिच्या जवळ जाणारी दुसरी तीन रांगांची पेट्रोल गाडी क्वचितच. लांब उतारावर तिची बॅटरी भरली की मोटरचं ब्रेकिंग कमी होतं आणि इंजिनाचा आवाज अचानक चढतो. तो बिघाड नव्हे.

ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा प्रकार) घाटातल्या कोंडीला सर्वांत सोशिक. ड्युअल-क्लच गिअरबॉक्स मोकळ्या रस्त्यावर झकास, पण सुट्टीच्या रविवारी लोणावळ्याच्या चढावर दोन-दोन फूट सरकत राहिलात तर क्लच तापून इशारा येतो. अशा वेळी पुढे दोन गाड्यांची जागा पडू द्यावी, मग एकदम पुढे जाऊन ब्रेकवर उभं राहावं. मॅन्युअल गिअरबॉक्समध्येही हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नका, हँडब्रेक लावा. क्लच जळाल्याचा वास एकदा आला की त्याचं आयुष्य कमी झालंच.

पोट घासतं कुठे?

भरल्यावर गाडी किती बसते ते शोरूममध्येच मोजता येतं. रिकाम्या गाडीत मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने घ्या, मग सात जणांना बसवून पुन्हा घ्या. फरक ५ सेंटिमीटर आला तर ब्रोशरमधल्या १८० मिलिमीटरमधून तेवढे मनातल्या मनात वजा करा, कारण मागच्या बाजूला उरले ते १३० च. विक्रेत्याने नकार दिला तर निदान पाच जणांना बसवून मोजा.

लांब गाडीचं मागचं टोकही बघा. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा या फेरीबोटींवर चढताना हे कळतं. ओहोटीला उतार तीव्र होतो आणि फळी व जेट्टी यांच्यामध्ये कोन पडतो. पुढची चाकं फळीवर गेली की मागचा बंपर किंवा खाली टांगलेली स्टेपनी जेट्टीला टेकते. तिथे मागच्या रांगेतल्यांना आधीच उतरवून चालत न्यायचं, फळीवर सरळ जायचं आणि बोटवाल्याचा हात बघत राहायचं. समुद्राच्या वाळूत मात्र कुठलीही गाडी नेऊ नका. पोलीस गुन्हा दाखल करतात हे एक, आणि भरतीला वेळ पाळायची सवय असते हे दुसरं.

पाण्यातून जायचं म्हटलं तर नियम साधा आहे. चाकाच्या मध्यापेक्षा पाणी वर असेल किंवा वाहत असेल तर थांबा. पाणी घोट्याएवढं दिसलं तरी मोरीचा कठडा दिसत नसेल तर रस्ता आहे असं समजू नका. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही. इंजिनात पाणी शिरलेलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही, म्हणून 'इंजिन प्रोटेक्शन' हे ॲड-ऑन घ्या. रोडसाइड असिस्टन्समध्ये किती किलोमीटर टोइंग फुकट आहे तेही विचारून ठेवा, कारण आंबोलीहून कोल्हापूर जवळ वाटतं पण ते बिलात दिसतं.

टेस्ट ड्राइव्ह कशी करायची

शोरूमला फोन करून सांगा की पाच-सहा जण येणार आहोत आणि चढ असलेला रस्ता हवा. पुणेकरांना कात्रज किंवा बोपदेव जवळ आहे, ठाणेकरांना घोडबंदरकडचा गायमुखचा चढ. नाहीच म्हणाले तर उड्डाणपूल आणि मॉलच्या पार्किंगचा उतार तरी घ्या. सर्वांना बसवून चढावर पूर्ण थांबा, मग सुटून बघा. मागे किती सरकते, क्लच किती सोडावा लागतो, हिल होल्ड (चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) आहे का? दुसऱ्या गिअरमध्ये उतार सोडा आणि ब्रेकला पाय न लावता गाडी वेग धरून राहते का ते बघा. खडबडीत रस्त्यावर मागच्या रांगेतल्या माणसाला विचारा, कारण पुढे बसून तिथल्या उसळीचा अंदाज येत नाही. एकदा अरुंद गल्लीत वळवून बघा. वळणाची त्रिज्या क्रिस्टाची ५.४ मीटर आणि एर्टिगाची ५.२ आहे, आणि हेअरपिनला समोर एसटी आली की हे वीस सेंटिमीटर आठवतात.

जुनी घ्यायची असेल तर

तीन रांगांच्या जुन्या गाड्यांत तीन धोके नेहमीचे: टॅक्सीत पळालेली, पुरात बुडालेली आणि किनाऱ्यावर गंजलेली.

इनोव्हा आणि एर्टिगा पर्यटनासाठी भरपूर वापरल्या जातात, मग पिवळी पाटी उतरवून खासगी करून विकल्या जातात. मीटर कमी दिसला तरी स्टिअरिंगची कातडी, ब्रेक पेडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड आणि मधल्या दाराची बिजागरी खोटं बोलत नाहीत. आरसीवरचा वाहनाचा इतिहास परिवहन विभागाच्या ॲपवर बघा, चलनं आणि कर्जाचा बोजा तपासा, आणि नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून नोंदी मागवा. २०१६ पूर्वीच्या जुन्या इनोव्हाच्या डिझेल इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो, तो बदलल्याची पावती नसेल तर किमतीतून तो खर्च वजा करा. क्रिस्टाला चेन आहे.

२०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पाणी शिरलं, तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या. त्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या भागात चिखलाची रेघ दिसली तर तिथूनच परत फिरा. सीट सरकते त्या रुळांखालचा गंज, तिसऱ्या रांगेच्या पायाशी कार्पेटखालचा गाळ, डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्समधला हिरवट थर या पुराच्या खुणा. अत्तराचा भडक वास येत असेल तर तो कशासाठी मारला असेल याचा विचार करा.

किनाऱ्याजवळच्या गाडीसाठी गॅरेजवाल्याला सांगून ती लिफ्टवर चढवा. चेसिसचे दांडे, ब्रेकच्या लोखंडी नळ्या, जॅक लावण्याच्या जागा आणि स्टेपनीची साखळी टॉर्चने बघा. पोपडा स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर आत गेला तर गंज वरवरचा नाही. नुकतंच काळं कोटिंग मारलेलं चकचकीत पोट दिसलं तर आनंद मानू नका. गंजावर मारलेलं कोटिंग गंज आतच कोंडून ठेवतं आणि तो खालून खात राहतो.

पैसे आणि कर

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे, बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के. म्हणून ट्रायबर आणि बोलेरो स्वस्त पडतात. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के रोड टॅक्स लागतो, डिझेलला १३ ते १५. त्यामुळे एकाच गाडीच्या पेट्रोल आणि डिझेल प्रकारांतला फरक शोरूमच्या किमतीपेक्षा ऑन-रोड किमतीत आणखी वाढतो. तुलना करायची तर ऑन-रोड किमतीचीच करा.

गाडी दारात आल्यावर

टायरची हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतं, आणि तिथे रिकाम्या व भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात. पंपवाल्याला 'तेहेतीस टाका' म्हणण्याआधी ते वाचा, आणि हवा टायर थंड असताना भरा. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो, '२३२४' म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी शाबूत असली तरी घाटात नको. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी चालते, पावसाळ्यात मात्र ३ च्या खाली गेली की बदलाच.

हेडलाइटची उंची कमी-जास्त करणारं छोटं चाक स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला असतं. पुष्कळ जण ते आयुष्यभर शून्यावर ठेवतात. मागे चार माणसं आणि सामान असेल तर ते दोनवर किंवा तीनवर न्या, समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत आणि तुमचा स्वतःचा रस्ताही दिसेल.

सीटला कव्हर घालणार असाल तर सीटच्या बाजूला 'एअरबॅग' असं लिहिलेलं लेबल आहे का ते बघा. असेल तर त्या शिवणीवर उसवणारं खास कव्हरच घ्या, नाहीतर बाजूची एअरबॅग कापडात अडकते. पायाखाली उंच कडांचे रबरी मॅट घाला. ट्रेकहून परतताना सात जोडी बुटांतून निघणारं पाणी कार्पेटखाली गेलं तर तिथे बुरशी येते, आणि काही गाड्यांत वायरिंगही तिथूनच जातं.

स्टेपनी खाली टांगलेली असेल तर ती घरच्या अंगणात एकदा उतरवून बघा. तिचा दांडा डिकीच्या कडेच्या भोकातून घालावा लागतो, म्हणजे रात्री पावसात आधी सगळं सामान बाहेर काढावं लागणार. दांडा आणि जॅक सामानाच्या खाली नव्हे, वर किंवा सीटखाली ठेवा. जॅकखाली ठेवायला एक फूट चौरस, २० मिलिमीटर जाडीचा प्लायचा तुकडा घ्या, लाल मातीत त्याशिवाय जॅक खाली जातो. टो हूक (गाडी ओढायचा आकडा) बहुतेक गाड्यांत टूलकिटमध्ये सुटा असतो आणि बंपरच्या झाकणामागे आट्यांत फिरवून बसवायचा असतो. तो कुठे बसतो ते आजच बघून ठेवा, कारण चिखलात गुडघे टेकून झाकण शोधणारा माणूस सहसा मॅन्युअल घरीच विसरलेला असतो. बारा व्होल्टचा हवेचा पंप, पंक्चरच्या दोऱ्या, टॉर्च आणि ताडपत्रीचा तुकडा एवढं सोबत असलं की पुरे.

कोकणातून परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडीचं पोट आणि चाकांच्या कमानी गोड्या पाण्याने धुवा. दाबाने मारलेलं पाणी चाकाच्या बेअरिंगवर सरळ धरू नका. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची छोटी भोकं असतात, त्यात वाळू अडकलेली असते, ती काडीने मोकळी करा.